रेगे, कर्णे आणि एक नामंजूर कर्ज

बँकेत असताना एकदा मधल्या सुट्टीत डबा खाता खाता मी सहज बोलून गेलो, की हल्ली रात्री झोपण्याआधी मी रेगे ऐकतो. समोर बसलेले आमचे हेडकॅशियर वाचनाचे शौकीन. त्यांनी हातातला घास तसाच ठेवून विचारले, "कोणते? पु. शि. की सदानंद?" इथे रेगे हे कवीचे आडनाव नसून वेस्ट इंडिजमधल्या जमैका बेटावरच्या गाण्याचा एक प्रकार आहे, हे समजावून सांगेपर्यंत सुट्टी संपली. "म्हणजे मायकेल होल्डिंगच्या गावचं का?" एवढे बोलून ते पुन्हा कॅशच्या पिंजऱ्यात जाऊन बसले.

ही गोष्ट १९८५च्या आसपासची. राहायला मी अंबरनाथला होतो आणि नेमणूक उल्हासनगरच्या एका शाखेत. लोकलने एका स्टेशनाचा प्रवास, पण तेवढ्यात जग बदलायचे. अंबरनाथला नऊशे वर्षांहून जुने शिवमंदिर, ऑर्डनन्स फॅक्टरीची पाळी आणि आगपेट्यांचा कारखाना. उल्हासनगर म्हणजे मुळात दुसऱ्या महायुद्धातला लष्कराचा तळ. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे त्याच्या बराकींत उतरवली गेली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. तरी माणसे अजूनही पत्ता सांगताना कॅम्प एक, कॅम्प दोन असाच सांगतात. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद तर सगळ्या महाराष्ट्राला पाठ होता.

या यूएसएमध्ये, नेहरू चौकाच्या बाजूला, एका बोळात कॅसेटचे एक दुकान होते. दुकानदाराला सगळे 'दादा' म्हणत. सिंधी व्यापारी जगात कुठल्या बंदरात नाहीत? दादांचा एक मावसभाऊ जमैकात किंग्स्टनला दुकान चालवत होता. तो येताना कॅसेटी आणायचा आणि दादा त्यांच्या नकला करून विकायचे. बँक अधिकाऱ्याने हे छापून सांगू नये, पण माझे सगळे रेगेशिक्षण त्या नकलांवर झाले. कव्हर नाही, नाव नाही, नुसता बॉलपेनने लिहिलेला आकडा. कोणत्या कॅसेटवर कोण गातो हे कळायला मला पुढे पंधरा वर्षे लागली.

पहिली कॅसेट निघाली 'द हार्डर दे कम' या १९७२ सालच्या जमैकन चित्रपटाच्या गाण्यांची. दिग्दर्शक पेरी हेन्झेल, नायक आणि मुख्य गायक जिमी क्लिफ. गोष्ट आपल्या ओळखीची आहे. आयव्हन नावाचा खेड्यातला मुलगा गायक व्हायला शहरात येतो. पहिल्याच दिवशी त्याचे सामान चोरीला जाते. गाणे ध्वनिमुद्रित होते, पण निर्माता त्याच्या हातावर २० डॉलर टेकवतो. पुढे तो मुलगा गुन्हेगारीकडे वळतो आणि पोलिसांच्या गोळ्यांनी मरतो. हा एका गायकाचा अल्बम नाही. क्लिफबरोबर टूट्स अँड द मेटल्स, डेस्मंड डेकर, मेलोडियन्स असे अनेकजण त्यात आहेत, आणि म्हणूनच मला तो मोठा वाटतो. एका वस्तीत किती गळे असतात ते त्यात ऐकू येते.

मेलोडियन्सचे 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' त्यातलेच. बोनी एमने १९७८ मध्ये ते जगभर नाचवले, त्यामुळे दादांना ती चाल ठाऊक होती. ते गाणे बायबलातल्या एका स्तोत्रावर आहे. देशोधडीला लागलेली माणसे परक्या नदीच्या काठी बसून रडत आहेत, आणि त्यांना कैद करणारे म्हणताहेत, आता तुमच्या देशाचे गाणे म्हणा. मी हा अर्थ सांगितल्यावर दादांनी टेप बंद केला. "साईं, हमारा भी दरिया उधर रह गया," एवढेच म्हणाले. सिंधी माणूस झुलेलालचा बहराणा पाण्यात सोडायला निघतो तेव्हा त्याला सिंधू नदी कुठून मिळणार? तो वालधुनीच्या किंवा उल्हासच्या पाण्याला सिंधू मानतो. जमैकातल्या माणसांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले, दादा निर्वासित. दोन्ही दुःखे सारखी नाहीत. पण परक्या पाण्याकाठी आपले गाणे कसे म्हणायचे, हा प्रश्न दोघांचाही होता.

आता थोडे ठेक्याविषयी. शास्त्रीय संगीत ऐकलेल्या कानाला रेगे सुरुवातीला अडखळते वाटते. आपले सगळे चित्त समेकडे लागलेले असते. तबलजी कुठेही भटकून येवो, समेवर थाप पडली की मान डोलते. रेगेचा 'वन ड्रॉप' नावाचा जो ठेका आहे त्यात चार मात्रांपैकी पहिल्या मात्रेवर ढोल पडतच नाही, तो पडतो तिसऱ्यावर. गिटार दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला छाटल्यासारखी वाजते. म्हणजे आपण जिथे सम ठेवली तिथे त्यांनी मोकळी जागा ठेवली. त्या मोकळ्या जागेत बास गिटार चालते, सावकाश, भारी पावलांनी, ओझे घेऊन चढ चढणाऱ्या माणसासारखी. एकदा ती बास कानात बसली, की मग घाई नकोशी वाटते.

हा ठेका जगभर नेला तो बॉब मार्ली आणि त्याच्या वेलर्स मंडळींनी. कार्लटन बॅरेट ड्रमवर, त्याचा भाऊ ॲस्टन बासवर. १९७३ सालचा 'कॅच अ फायर' हा त्यांचा अल्बम माझ्या यादीत दुसरा. मार्लीचा १९७७ सालचा 'एक्झोडस' 'टाइम' साप्ताहिकाने १९९९ मध्ये शतकातला सर्वोत्तम अल्बम ठरवला. त्याबद्दल माझे भांडण नाही. पण 'कॅच अ फायर'ची जन्मकथा बँकेच्या माणसाला जास्त लागते.

मार्ली, पीटर टॉश आणि बनी वेलर हे तिघे लंडनमध्ये ख्रिस ब्लॅकवेल या कंपनीमालकाकडे गेले. ब्लॅकवेलने त्यांना अल्बम करायला ४ हजार पौंड दिले. ना तारण, ना जामीन. लोकांनी सांगितले, पैसे बुडाले समजा, ही माणसे परत दिसायची नाहीत. ती किंग्स्टनला गेली आणि अल्बम घेऊन परत आली. पुढे लंडनमध्ये त्यावर गिटार आणि कीबोर्ड चढवले गेले. मूळ जास्त चांगले होते असे म्हणणारे जाणकार आहेत. मला ती भर खटकत नाही, कारण खालची बास कुणी हलवलेली नाही. पण हा इतिहास वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण तसाच एक अर्ज माझ्या टेबलावरही आला होता.

सुशिक्षित बेरोजगारांना २५ हजारांपर्यंत कर्ज देण्याची योजना केंद्र सरकारने १९८३ मध्ये आणली होती. जिल्हा उद्योग केंद्राची शिफारस घेऊन एक तरुण आला. कॅम्प चारमधल्या सुभाष टेकडीवर राहणारा, मॅट्रिक झालेला, रेडिओ-ट्रान्झिस्टर दुरुस्त करणारा. त्याला लाउडस्पीकरचा सेट घ्यायचा होता. ॲम्प्लिफायर, चार कर्णे, दोन माईक आणि टेपरेकॉर्डर, मिळून १८ हजार रुपये. मी म्हटले, हा धंदा हंगामी आहे. तो म्हणाला, "साहेब, लग्नं आहेत, गणपती आहे, चेटीचंड आहे, सत्यनारायण आहे, जयंती आहे. हंगाम कधी नसतो ते तुम्हीच सांगा." मला उत्तर देता आले नाही. मी शेरा लिहिला: 'व्यवसाय हंगामी, उत्पन्नाची शाश्वती नाही, नामंजूर.'

खरे कारण शेऱ्यात नव्हते. १४ एप्रिलच्या रात्री आमच्या घरामागच्या वस्तीत कर्णे लागत आणि मी खिडक्या लावून घेत असे. गणपतीत दहा दिवस आमच्याच दारात कर्णा वाजायचा, त्याला मी परंपरा म्हणायचो. या एका रात्रीच्या आवाजाला मात्र गोंगाट म्हणायचो. ज्या माणसाला मी पैसे नाकारले तो हा गोंगाट वाढवणार होता. कर्जाच्या अर्जावर अशी कारणे लिहिण्यासाठी रकाना नसतो.

आणि विनोद पाहा. मी रात्री जे रेगे भक्तिभावाने ऐकत होतो त्याची आई म्हणजे लाउडस्पीकरच! १९५०च्या दशकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतल्या लोकांना रेकॉर्डप्लेअर परवडत नव्हता. मग कुणीतरी ॲम्प्लिफायर आणि कपाटाएवढे स्पीकर एखाद्या आवारात लावायचा, रेकॉर्डी वाजवायचा आणि प्रवेशाचे पैसे घ्यायचा. त्याला 'साउंड सिस्टिम' म्हणत. कॉक्सन डॉड आणि ड्यूक रीड हे त्यातले नामांकित. अमेरिकेतून मनासारख्या रेकॉर्डी येईनाशा झाल्या तेव्हा या लोकांनी गल्लीतल्याच पोरांना गायला लावून रेकॉर्डी काढल्या. त्यातून आधी स्का, मग रॉकस्टेडी आणि १९६८च्या सुमारास रेगे जन्माला आले. तिथल्या एखाद्या बँकेत मी असतो तर हा सगळा इतिहास 'हंगामी' म्हणून नामंजूर झाला असता.

यादीतला तिसरा अल्बम बर्निंग स्पीअरचा 'मार्कस गार्वी', १९७५ सालचा. गार्वी हा जमैकाचा पुढारी, १८८७ मध्ये सेंट ॲन्स बे गावी जन्मलेला. काळ्या माणसाने मान वर करून उभे राहावे म्हणून त्याने अमेरिकेपर्यंत चळवळ उभारली आणि १९४० मध्ये तो लंडनमध्ये गेला. त्याच गावच्या विन्स्टन रॉडनी या गायकाने पस्तीस वर्षांनी हा अल्बम केला. निर्माता जॅक रुबी हा स्वतः साउंड सिस्टिम चालवणारा. अल्बमभर एकच तक्रार आहे: तुम्ही त्याला विसरलात. रॉडनी ओरडत नाही. तो एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो, मागे शिंगवाद्ये रडल्यासारखी वाजतात, आणि शेवटी ऐकणाऱ्यालाच अपराधी वाटू लागते.

हा अल्बम ऐकताना मला पहिल्यांदा माझ्या बंद खिडकीची आठवण झाली. गेलेल्या पुढाऱ्याचे नाव गाण्यातून जिवंत ठेवायचे, हे काम आमच्या मागच्या वस्तीतही चालले होतेच की! नाशिककडच्या भीमराव कर्डकांचे जलसे १९३०च्या दशकात गावोगाव फिरत होते. आपल्या दहा सभा आणि एक जलसा सारखाच, असे बाबासाहेब म्हणत, हे आजही सांगितले जाते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरे शिकले आणि त्यांनी हजारो गाणी लिहिली. प्रल्हाद शिंदे यांचा पहाडी आवाज विठ्ठलाच्या गाण्यांतून आमच्या घरात आला होता. तोच आवाज भीमगीत गाऊ लागला की आम्ही खिडकी लावायचो. विठ्ठल उमप तर २०१० मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवर, कार्यक्रम चालू असतानाच गेले. 'द हार्डर दे कम' आला त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि तिने नाव घेतले ते अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या संघटनेवरून. समुद्रापलीकडचे नाते ओळखणारी माणसे आपल्याकडे होती. ती आमच्या डबा खाण्याच्या टेबलावर नव्हती, इतकेच.

चालीत साम्य आहे असे मी म्हणत नाही. भीमगीताला ढोलकी आहे, कव्वालीची टाळी आहे, आणि सम मोकळी तर सोडाच, ती दणक्यात येते. साम्य कामात आहे. दिवसभर कुणीतरी 'अरे' म्हणून हाक मारलेल्या माणसाला रात्री ताठ बसवणे, हे ते काम. माझ्या मते मोठ्या अल्बमची हीच खूण. गळा चांगला असणे, वाद्यमेळ नेटका असणे हे लागतेच. पण ज्याला त्या गाण्याची गरज होती त्याला ते पुरले का, हे आधी पाहावे.

चौथा अल्बम ऑगस्टस पाब्लोचा, 'किंग टबीज मीट रॉकर्स अपटाउन', १९७६ सालचा. यात गाणे जवळजवळ नाहीच. किंग टबी, म्हणजे ऑस्बोर्न रुडॉक, हा रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा माणूस. तयार गाण्यातून त्याने गळा काढून घेतला, कधी गिटार काढली, कधी सगळेच काढून नुसती बास ठेवली, आणि मध्येच एखादा शब्द विहिरीत हाक मारल्यासारखा घुमवून सोडून दिला. या प्रकाराला 'डब' म्हणतात. आम्हा बँकवाल्यांना बेरीज कळते. वजाबाकीने वस्तूची किंमत वाढते, हे मला या मेकॅनिकने शिकवले.

माझ्या टेबलासमोर उभा राहिलेला तरुणही मेकॅनिकच होता. त्याने खासगी सावकाराकडून जबर व्याजाने पैसे उचलले आणि सेट घेतला. ते कर्ज फेडायला त्याला नऊ वर्षे लागली, हे मला खूप नंतर कळले. त्याने आणखी एक काम केले. वस्त्यांतून गायन पार्ट्यांचे कार्यक्रम व्हायचे, दोन गायकांचे सामने रात्रभर रंगायचे. सेट त्याचाच असल्याने तो माईकची एक वायर टेपरेकॉर्डरला जोडून सगळे भरून घ्यायचा. कल्याणपासून बदलापूरपर्यंतच्या वीस वर्षांच्या रात्री त्याच्याकडे कॅसेटींत होत्या. त्यांतल्या बहुतेक गायकांची एकही रेकॉर्ड कधी निघाली नाही. २६ जुलै २००५ रोजी वालधुनीचे पाणी त्याच्या दुकानात शिरले. चार पोती कॅसेटी चिखलात गेल्या.

इथे पाचवा अल्बम सांगायला हवा: काँगोज या गायकजोडीचा 'हार्ट ऑफ द काँगोज', १९७७ सालचा. ली पेरी या अवलियाने घराच्या अंगणातल्या 'ब्लॅक आर्क' स्टुडिओत चार ट्रॅकच्या साध्या यंत्रावर तो केला. एक गळा आभाळात, एक जमिनीवर, मागे कुठेतरी गाय हंबरल्याचा आवाज. परदेशातल्या मोठ्या कंपनीने तो काढायचे नाकारले. थोड्या प्रती निघाल्या आणि पुढे वर्षानुवर्षे तो मिळेनासा झाला. पण १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या 'ब्लड अँड फायर' या छोट्या कंपनीने तो निगुतीने, गायक-वादकांच्या नावांसह, पुन्हा प्रसिद्ध केला. आज तो थोरांत गणला जातो. युनेस्कोने २०१८ मध्ये जमैकाच्या रेगेला मानवजातीच्या वारशाच्या यादीत जागा दिली. आपल्याकडे गोव्यात २०१६ पासून 'गोवा सनस्प्लॅश' नावाचा रेगेचा उत्सव भरू लागला. मार्लीचे चित्र असलेला टी-शर्ट तर गल्लीगल्लीत दिसतो.

परक्याचे गाणे आपण असे डोक्यावर घेतो, यात वाईट काही नाही. मीही घेतलेच. पण रविवारच्या पुरवण्यांतून आपण भावगीतांवर, नाट्यसंगीतावर जेवढे लिहिले त्याच्या दहावा हिस्सा तरी भीमगीतांच्या कॅसेटींवर लिहिले का? माझ्या कादंबऱ्यांत बँक आहे, लोकल आहे, फॅक्टरीची पाळी आहे. कर्णेवाला मुलगा एकातही नाही. जमैकाकडेही गरिबी होती, हिंसाचार होता. तरी त्यांच्या गाण्यांना पैसे देणारा कुणीतरी भेटला, आणि पुढे ती जपणाराही भेटला. आपल्याकडे गाणी होती, गळे होते, मेकॅनिकही होते. कमी पडलो ते आम्ही, ज्यांच्या हातात शेरा लिहिण्याचे पेन होते.

कुणी म्हणेल, मग हल्लीच्या डीजेच्या भिंतींचेही कौतुक करणार का? नाही. छातीत धडकी भरवणाऱ्या आवाजात शब्दच ऐकू येत नाहीत, मग तो उत्सव कुणाचाही असो. पण या कर्ण्यांतून शब्द ऐकू येत होते. मीच ऐकत नव्हतो.

चुंबकीय फीत काही दगडी शिलालेख नव्हे. कोकणच्या दमट हवेत तिला बुरशी लागते, आवाज दरवर्षी थोडा थोडा पुसट होतो. घरात जुन्या कॅसेटी असतील तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा पाहा. उभ्या ठेवा, स्पीकरच्या चुंबकापासून लांब ठेवा, बुरशी असेल तर जाणकाराकडून साफ करून घेऊन मगच वाजवा, आणि वाजवतानाच संगणकावर उतरवून घ्या. उल्हासनगरच्या महापालिकेने, अंबरनाथ आणि बदलापूरच्या नगरपरिषदांनी आपल्या वाचनालयात एकेक खोली यासाठी द्यावी. एक चांगला टेपडेक, एक संगणक आणि एक नोंदवही, एवढाच खर्च. तिथे भीमगीते असावीत, सिंधी भगत असावे, आगरी लग्नाची धवलगीतेही असावीत. तो सगळा या तीन गावांचा आवाज आहे.

गेल्या वर्षी तो मेकॅनिक मला बदलापूरला भेटला. आता त्याचीही साठी आली आहे. ओळख त्यानेच दिली. पुरातून वाचलेल्या ४१ कॅसेटी त्याच्याकडे आहेत आणि त्याची नात त्या संगणकावर उतरवते आहे. मी चार शब्द माफीचे बोललो. त्याने ते ऐकून घेतले, मोडीत काढले नाहीत आणि फार मनावरही घेतले नाहीत. म्हणाला, "साहेब, तुमचं अक्षर चांगलं होतं. शेरा अजून आठवतो. आमच्या यादीचं काम करा."

म्हणून हल्ली दर रविवारी मी बदलापूरला जातो. तो टेप लावतो, मी वहीत रकाने भरतो: गायक कोण, ढोलकीवर कोण, वस्ती कुठली, साल कोणते. पुष्कळ रकान्यांत अजून प्रश्नचिन्हे आहेत. परवा एका कॅसेटवर १९८७च्या जयंतीचा कार्यक्रम निघाला. निवेदकाने वस्तीचे नाव घेतले आणि मी पेन खाली ठेवले. ती आमच्या घरामागची वस्ती होती. छत्तीस मिनिटांचे ते गाणे मी पहिल्यांदाच पूर्ण ऐकले.